चंद्रप्रभेची रेघ

लातुरात भार्गवीला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. क्लासमध्ये ती टाइमटेबलच्या मॅडम होती, आणि ती नसती तर क्लासचा गाडा एक दिवससुद्धा चालला नसता. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं बीडपासून बिदरपर्यंतच्या गावांतून इथं येऊन पडलेली. त्यांच्या बॅचा, सकाळी लातुरात आणि दुपारी नांदेडात शिकवणारे फिजिक्सचे सर, मधूनच रुसून बसणारे केमिस्ट्रीचे सर, टेस्ट, टेस्टनंतरचं डाउट सेशन, हे सगळं ती एका कागदावर असं बसवायची की कुणाचा पाय कुणाच्या पायात येऊ नये. कुठल्या माणसानं कुठल्या वेळी कुठं असावं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिचं लग्न तेवढं अजून जमलेलं नव्हतं. साऱ्या जगाचं टाइमटेबल लावणाऱ्या पोरीचं स्वतःचंच राहिलं, असं नातेवाईक म्हणायचे, आणि ती हसण्यावारी न्यायची.

तिच्या डोक्यात दुसरंच होतं. तिला एक गोष्ट लिहून काढायची होती. ती गोष्ट तिची नव्हती, तिच्या वडिलांची होती.

वडील म्हणजे गुरुपादप्पा मास्तर, घरात अप्पा. जन्म गेला लोह्याच्या शाळेत, निवृत्त झाल्यावर नांदेडात दोन खोल्यांचं घर केलं आणि तिथंच राहिले. मूळ गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. पहिली बायको बाळंतपणात गेली, म्हणून तिची मुलगी गावाकडं आजीपाशी वाढत होती आणि अप्पा नोकरीच्या गावी खानावळीत जेवत होते. मुलीचं नाव चंद्रप्रभा. गणपती बुडवून गावं निजली आणि पहाटे भुईनं काय केलं हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, ते इथं पुन्हा उगाळायला नको. त्यात अप्पांची आई गेली आणि चंद्रप्रभा गेली. पुढं नातेवाइकांनी मागं लागून त्यांचं नीलाबाईशी लग्न लावून दिलं आणि त्यांना भार्गवी झाली.

भूकंपाविषयी अप्पा कधी बोलले नाहीत. ते चंद्रप्रभेविषयी बोलायचे. भार्गवीला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत नेताना बोलायचे, भाकरी मोडताना बोलायचे, शेंगा फोडताना बोलायचे. भुई फाटली तेव्हा ती खाली गेली, असं ते सांगायचे, आणि खाली एक राज्य होतं. त्या राज्यात कुणी उभं राहत नाही. राजा बसलेला, शिपाई बसलेले, लढाई लागली तरी दोन्हीकडचे लोक बसूनच लढतात, आणि कुणाला कुठं जायचं झालं तर खालची भुईच त्याला बसल्या जागी उचलून नेते. मुळांची एक म्हातारी राणी आहे, ती चंद्रप्रभेची वेणी घालते. आणि तिथल्या वेळेचं तर काही विचारायलाच नको. काळ्या मातीत वेळ चिकटून बसते, तिथं माणूस वर्षानुवर्षं लहानच राहतं. मुरमात ती भरभर पळते, एका दुपारीत केस पांढरे होतात. आणि खारवट, चिकट चोपणात ती उलटी जाते. चंद्रप्रभा या तिन्ही मातींतून फिरत असायची, त्यामुळं कधी ती फ्रॉकमधली पोर असायची, कधी म्हातारी, कधी पुन्हा पोर, पण म्हातारपणीचं सगळं आठवणारी. तिला एक लेक होती आणि ती लेक आईपेक्षा मोठी होती. लहान असताना भार्गवीला यात काहीच अवघड वाटलं नाही.

ती चंद्रप्रभेला अक्का म्हणायची. अक्का म्हणजे आपली मेलेली बहीण, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. पण माहीत असणं एका बाजूला आणि अक्का आज कुठल्या मातीत आहे हे विचारणं दुसऱ्या बाजूला, अशी घरात वहिवाटच पडून गेली होती.

गोष्ट काही संपली नव्हती. भार्गवी लातूरला आल्यावर दर रविवारी फोनवर ती पुढं सरकत होती. आणि गेलं वर्षभर तिच्यात एक बदल झाला होता. चंद्रप्रभा आता वर यायला निघाली होती. थरामागून थर ओलांडत ती शेवटच्या दाराशी येऊन ठेपली होती, आणि त्या दाराच्या वर काय आहे हे अप्पा काही केल्या सांगत नव्हते. येऊ दे तिला, घाई कशाला, एवढंच म्हणायचे. इकडं डॉक्टरांनी अप्पांच्या हृदयाचं काही खरं नाही असं नीलाबाईला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून भार्गवीला घाई होती. अप्पांच्या तोंडून शेवट निघायच्या आत काही बरंवाईट झालं तर अक्का दाराशीच राहील, ही धास्ती तिला होती. तिनं हातानं लिहून पाहिलं, पण शंभरेक पानांनंतर तिचं तिलाच कळेना की राणीशी भांडण झालं तेव्हा अक्का म्हातारी होती का पोर.

हे तिनं क्लासचे कॉम्प्युटर बघणाऱ्या मिहिरला सांगितलं, तिथून सगळं सुरू झालं. मिहिर म्हणाला, मॅडम, असल्या अद्भुत गोष्टींसाठी खास सॉफ्टवेअर असतं, परदेशातले लेखक भल्यामोठ्या कादंबऱ्या त्याच्यावरच बसवतात. पात्रं टाका, घटना टाका, तारखा टाका, ते तुम्हाला काळाची रेघ आखून देतं. त्यानं तिथल्या तिथं तीन खंडांची गोष्टही ठरवली आणि मुखपृष्ठाचा रंगही सुचवला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण भार्गवीचे डोळे लकाकले. तारखा आणि रेघा हा तर तिचा हातखंडा होता.

सॉफ्टवेअर देखणं होतं. प्रत्येक पात्राला एक रंग, प्रत्येक रंगाची एक आडवी रेघ, रेघेवर घटनांचे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या वेळी कोण किती वर्षांचं आहे ते आपोआप समोर यायचं. पहिले काही दिवस भार्गवी हरखून गेली. मग भांडणं सुरू झाली.

त्याला प्रत्येक घटनेची तारीख पाहिजे. 'त्याच्या आधी कधीतरी' हे त्याला चालत नाही. अप्पांच्या निम्म्या घटना तर 'त्याच्या आधी कधीतरी' घडलेल्या. हवं तर तुमचे महिने तुम्ही बनवा, म्हणे, वर्ष कितीही दिवसांचं करा, पण एकदा ठरलं की ते सगळ्यांना सारखं. एकाच राज्यात तीन मातींच्या तीन चाली त्याच्या टाळक्यात शिरेनात. लेक आईपेक्षा मोठी म्हटल्यावर त्यानं लाल त्रिकोण दाखवला. अक्का म्हातारपणानंतर पुन्हा लहान झाली, पुन्हा लाल त्रिकोण. राणीनं अजून न घडलेली लढाई आठवून रडावं, तर त्याचं म्हणणं की लढाई पुढं आहे, रडणं मागं घेता येणार नाही. भार्गवी चोपणातला उलटा काळ बसवायला गेली आणि त्यानं सगळ्या घटना सरळ करून टाकल्या. रुसलेल्या केमिस्ट्रीच्या सरांना दोन गोड शब्दांत वळवणारी ही बाई या यंत्रापुढं हात टेकून बसली.

कुणी शहाणं माणूस इथंच थांबलं असतं आणि म्हणालं असतं, की बाबा, ही गोष्ट तुझ्या मापाची नाही. पण भार्गवी लातूरची झाली होती. इथं प्रश्न सुटला नाही की चूक नेहमी सोडवणाऱ्याचीच असते, आणि तिलाही वाटलं की आपलंच काही चुकतंय. मिहिरनं एक वाट काढून दिली. वरच्या जगाचा काळ वेगळा ठेवा आणि खालच्या राज्याचा वेगळा, दोन स्वतंत्र दिनदर्शिका करा. फक्त एक पात्र एका दिनदर्शिकेतून दुसरीत नेता येत नव्हतं. त्याला वर संपवायचं आणि खाली नव्यानं जन्माला घालायचं.

मग भार्गवीनं तसं केलं. अक्काच्या जन्माची नागपंचमी तिला माहीत होती, ती टाकली. पुढच्या रकान्यात शेवटची तारीख टाकली. क्लास सोडून गेलेल्या पोराचं नाव बॅचमधून काढताना ती सोडल्याची तारीख जशी टाकायची, तशीच टाकली. तिचा हात अडखळला नाही, हे सांगायला वाईट वाटतं, पण नाही अडखळला. अक्काची निळी रेघ वरच्या जगात चटकन आखूड झाली, आणि पुढच्या ज्या ज्या घटनांत तिचं नाव होतं ते करडं पडलं. ठिपक्यावर बोट ठेवलं तर यंत्र सांगत होतं की हे पात्र या काळात हयात नाही. तिनं खाली दुसरी चंद्रप्रभा केली आणि कामाला लागली.

गोष्टीतल्या गाठी अप्पांशिवाय कुणाला सुटणार नव्हत्या. त्यांना मोबाइलच्या पडद्यावर बारीक काही दिसायचं नाही, म्हणून भार्गवीनं लातुरी माणसाला सुचेल तेच केलं. लातुरात काहीही झालं की त्याचा फ्लेक्स होतो. पोरगं पास झालं फ्लेक्स, पुढाऱ्याचा वाढदिवस फ्लेक्स, कुणी वारलं फ्लेक्स. क्लासच्या कामासाठी नेहमी जायची त्या दुकानात जाऊन तिनं काळाची रेघ भिंतीएवढी छापून घेतली. दोन दिनदर्शिका एका चित्रात यायला तयार नव्हत्या, म्हणून वरच्या जगाचीच तेवढी छापली; राजाराणीच्या रेघा सुरुवातीला भरलेल्या, त्या तिच्यातच राहिल्या होत्या. खालचं तोंडी सांगू, असं तिनं ठरवलं. दुकानदारानं नाव आणि पुढं दोन तारखा बघून सवयीनं विचारलं की फोटो कुठंय मॅडम. ती म्हणाली, फोटो नाही.

अहमदपूर, लोहा करत एसटीनं ती फ्लेक्सची गुंडाळी मांडीवर घेऊन नांदेडला आली. दुपारची जेवणं झाल्यावर तिनं ती खिडकीच्या गजांना बांधून भिंतभर सोडली. अप्पांना लई आनंद झाला. एवढी मोठी हाय का आपली गोष्ट, असं म्हणून ते खुर्ची ओढून फळ्यापुढं बसावं तसे बसले. राजाची रेघ कुठली, राणीची कुठली, लेकीची कुठली, सगळं बोटानं वाचत गेले. भार्गवी वही घेऊन खाली बसली आणि एकेक अडचण विचारायला लागली. राणी रडली ते लढाईच्या आधी का नंतर. अक्का मुरमात गेली तेव्हा लेक झालेली होती का. डाउट सेशनच होतं ते, फरक एवढाच की गुरुजी विद्यार्थ्याच्या जागी होते. अप्पा हसत हसत उत्तरं देत होते. काही उत्तरं आधीच्या उत्तरांशी जुळत नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मग त्यांचं बोट निळ्या रेघेवर आलं. बाकीच्या साऱ्या रेघा भिंतीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. ही डाव्या हाताला वीतभर जाऊन थांबली होती.

"ही कुणाची?"

"अक्काची."

"मग हितंच का तुटली?"

भार्गवीनं समजावून सांगितलं. सॉफ्टवेअरचं तसंच आहे अप्पा, खाली न्यायचं तर वर संपवावं लागतं, तारीख टाकल्याशिवाय ते पुढं जाऊच देत नाही. अप्पांनी खिशातून चष्मा काढला, लावला, जवळ गेले. शाळेत हजेरी वाचावी तशी त्यांनी तारीख मोठ्यानं वाचली. तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव. त्या घरात ती तारीख कुणी कधी उच्चारली नव्हती, हे भार्गवीच्या तेव्हा ध्यानात आलं. दरवर्षी त्या दिवशी गावचे लोक स्मारकापाशी जमायचे, अप्पांना बोलावणं यायचं, आणि अप्पा दरवर्षी त्या दिवशी बाजारातून भाजी आणायचे, बिल भरायचे, काहीही करायचे पण तो दिवस साधा दिवस करून टाकायचे.

"ही तारीख तुला कुणी सांगितली?" त्यांनी विचारलं.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे अप्पा. सगळ्यांना माहीत आहे."

 "हाव," अप्पा म्हणाले, "समद्यांला माहीत हाय." मग चष्मा खिशात ठेवून ते आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

भार्गवी स्वयंपाकघरात गेली. नीलाबाई चहाचं आधण ठेवून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ही बाई सहसा बोलायची नाही; बोलली तर वाक्य आधी आत घोळवून बोलायची.

"म्या त्या पोरीसंगं नांदले गं," ती म्हणाली. "सवत असती तर भांडले असते. लेकरू व्हतं, त्याच्याशी काय भांडायचं. ताट वाढायचं तेवढं बाकी ठिवलं. आन् तू येऊन तिची तारीख टाकून दिलीस."

भार्गवी बाहेरच्या खोलीत आली. तिनं फ्लेक्स उतरवला, गुंडाळला, आणि परत जाताना नेलाही नाही. नीलाबाईनं तो पुढं माळ्यावर टाकून दिला.

त्यानंतरच्या रविवारी अप्पांनी फोन घेतला. रक्तदाबाची गोळी बदलली, शेजारच्यांनी बोअर घेतलं, पाणी लागलं नाही, असं सगळं नीट सांगितलं. भार्गवीनं भीत भीत विचारलं, अक्का कुठवर आली. अप्पा म्हणाले, बघू. पुढच्या रविवारीही बघूच म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ते खरं बोलले. आता दिसंना झालंय, म्हणाले. ते चिडलेले नव्हते, रुसलेलेही नव्हते. चिडले असते तर तिनं पाय धरले असते. लांबचं दिसत नाही म्हणून एखादा म्हातारा सांगतो तेवढ्याच साधेपणानं ते सांगत होते, आणि तेच तिला सोसवेना.

तिनं सुधारायचा प्रयत्न केला. जी तारीख टाकली होती ती खोडली. यंत्रानं विचारलं, पात्र हयात आहे का. तिनं होय केलं. निळी रेघ सुळकन पडद्याच्या टोकापर्यंत गेली आणि अक्का पस्तीस वर्षांची असल्याचं बाजूला उमटलं. त्याचा फोटो काढून तिनं अप्पांच्या मोबाइलवर पाठवला. अप्पांनी पाहिल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. मिहिर म्हणाला, नवीन आवृत्ती येतेय मॅडम, त्यात एकाच पात्राला दोन काळ देता येणार आहेत. भार्गवी त्याला म्हणाली की मला आता काही बसवायचं नाही. तो बिचारा बावचळला. त्याच्या बाजूनं त्यानं भलंच केलं होतं, आणि यंत्रानंही कुणाचं घोडं मारलं नव्हतं. यंत्रानं विचारलं तेवढ्याचं तिनं उत्तर दिलं होतं. ते उत्तर भरताना आपण कुणाच्या घरात बसलो आहोत हे तिनं पाहायला हवं होतं. ती रडली, खोलीचं दार लावून पोटभर रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅचा लावायला गेली, कारण क्लासला सुट्टी नव्हती.

दिवाळीच्या आधी अप्पांचाच फोन आला. मला गावाकडं नेशील का, असं त्यांनी विचारलं. भूकंपाच्या वेळी एकदा गेले ते तिकडं पुन्हा फिरकले नव्हते. डॉक्टर नको म्हणाले, नीलाबाई म्हणाली जाऊ दे. ते लातूरला आले आणि दुसऱ्या सकाळी भार्गवीनं भाड्याची गाडी केली.

औसा मागं पडल्यावर अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. नवं गाव लागलं, सारख्या घरांच्या सारख्या ओळी. तिथं त्यांनी गाडी थांबवू दिली नाही. जुनं गाव पुढं होतं, म्हणजे गाव असं काही नव्हतंच. दगडांचे ढीग, त्यांतून वाढलेल्या बाभळी, वाळलेलं कुसळी गवत, आणि मध्येच मारुतीचा ओटा. ओट्यावरून अप्पांनी दिशा धरली. आमचं घर तिकडं, म्हणाले, आणि तिकडं न जाता ओढ्याच्या बाजूला चालायला लागले. भार्गवीनं त्यांचा दंड धरला. ओढ्याच्या काठाला एक मोकळी जागा होती. तिथं ते थांबले, आणि त्यांना खाली बसायचं होतं म्हणून तिनं ओढणी अंथरली. ते ओढणीवर बसले नाहीत, शेजारी मातीत बसले.

"मला पोचायला उशीर झाला," ते म्हणाले. "रस्ते भरल्याले. आपल्या लिंगायतांत मेल्या माणसाला बसवून मातीत देत्यात, तुला ठावं हाय. माझ्या बापाला म्या सोता बसवलं. कपाळाला इभूत, तळहातावर लिंग, जित्या माणसावानी बसवलं. हितं आलो तर समद्यांला एका जागी जाळलं व्हतं. त्यांचा काई दोष न्हाई. मुडदे लई, पाऊस चालू, रोगराईचं भ्या. कोन कुणाचं वळखंना. एका जवानानं हात करून दावलं, तिकडं बघा म्हणला. बघितलं तर राख. त्या राखंत माझी कंची?"

 भार्गवीच्या लहानपणचं ते सगळं राज्य, बसलेला राजा, बसलेले शिपाई, बसल्या जागी माणसांना उचलून नेणारी भुई, तिच्या डोळ्यांपुढून एकदम गेलं. शंभरेक पानं लिहून, भिंतीएवढा फ्लेक्स छापून, एकदाही तिनं विचारलं नव्हतं की अप्पा, तिथले लोक बसलेलेच का असतात. ती शंका तिच्या वहीत नव्हती.

"मग म्या तिला खाली बसवलं," अप्पा म्हणाले. "रोज थोडं थोडं बसवलं. तुला ती गोष्ट वाटायची, वाटू दिली."

"मग ती वर का यायला लागली होती, अप्पा?"

त्यांनी मातीतला एक खडा उचलला, परत ठेवला. "तू लातूरला गेलीस. घरात पोर न्हाई. म्हणलं, येऊ दे एकदा. बघू दे बापाला." त्यांचा आवाज तिथं पहिल्यांदा फाटला. "दारापत्तुर आली व्हती गं."

भार्गवीनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि मी चुकले अप्पा, मी चुकले, एवढंच म्हणत राहिली. अप्पांनी तिला जवळ घेतलं. तू काय चुकलीस, म्हणाले, तारीख तर खरीच हाय. मग त्यांनी खिशातून विभूतीची पुडी काढली. बोटांनी माती उकरून हातभर खळगा केला. त्यात ठेवायला त्यांच्याकडं काही नव्हतं. फ्रॉकची चिंधी नाही, पैंजण नाही, काहीच नाही. ते त्या रिकाम्या खळग्याकडं बघत राहिले, मग त्यात विभूती सोडली आणि तळहातानं माती सारखी केली. भार्गवीनंही माती लोटली.

शेळ्या हाकत एक म्हातारी बाई ओढ्याकडून वर आली. अशा लोकांची तिला सवय असावी. ती काठी टेकून उभी राहिली आणि विचारलं, कोन व्हतं वो तुमचं हितं.

"आई व्हती," अप्पा म्हणाले. "आन् पोरगी."

"केवढी व्हती पोरगी?"

 भार्गवी अप्पांच्या तोंडाकडं बघत होती. जिनं लढाया लढल्या, जिचे केस एका दुपारीत पांढरे झाले, जिची लेक तिच्याहून मोठी होती, तिचं वय ते शोधत होते.

"पाच वरसाची," ते म्हणाले.

"लहानच की मग," बाई म्हणाली.

"हाव," अप्पा म्हणाले. "लई लहान."